कुठलं दूध ते नंतर, आधी किती ते बोलू

या वेळचं पत्र जुळे सोलापूरच्या एका ताईंचं आहे. पत्र मोठं होतं, थोडं कापून देतोय.

"काका नमस्कार. आमच्या घरात दुधावरनं रोज वाद आहे. सासूबाईंना रतिबाचं म्हशीचंच दूध लागतं, पिशवीचं म्हणजे पावडरचं पाणी म्हणतात. सासऱ्यांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर फॅट कमी करा म्हणाले, तरी रात्री हळद घालून ग्लासभर तेच दूध चालू आहे. दीर जिमला जातात, ते ए-टू का काय ते दूध १२० रुपये लिटरनं आणायलेत आणि बाकीचं सगळं विष आहे म्हणायलेत. मिस्टर म्हणतात टेट्रा पॅक आणून टाक, कटकट नको. मला स्वतःला दूध प्यायलं की पोट फुगतं. मुलगा अडीच वर्षांचा आहे, तो जेवतच नाही, दिवसातनं चार-पाच बाटल्या दूध पितो तेवढाच आधार. नणंदेचं बाळ सात महिन्यांचं, तिला सासूबाई शेळीचं दूध चालू कर म्हणायलेत. सगळ्यांना चालेल असं एकच कुठलं तरी दूध सांगा. आणि जाता जाता, गुळाचा चहा केला की दर वेळी फाटतो, ते का?"

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसलो आणि मग मुलाच्या ओळीवर आलो आणि हसू थांबलं. म्हणून तुम्ही विचारलेलं सगळं बाजूला ठेवतो आणि जे तुम्ही विचारलंच नाही तिथनं सुरू करतो.

तुमचा मुलगा दूध पितो म्हणून जेवत नाही. तुम्ही लिहिलंय ते उलटं आहे, जेवत नाही म्हणून दूध असं नाही. चार-पाच बाटल्या म्हणजे २०० मिलीची बाटली धरली तरी लिटरभर झालं की. म्हशीच्या लिटरभर दुधात जवळपास १,००० कॅलरी असतात आणि अडीच वर्षाच्या पोराला अख्ख्या दिवसाला लागतात साधारण तेवढ्याच, म्हणजे बाटल्यांनीच त्याचा कोटा संपला, वर तुम्ही वरणभात घेऊन मागे पळणार आणि तो तोंड फिरवणार, त्याचं काय चुकलं सांगा. पोटात जागाच नाही.

आणि कॅलरी मिळाल्या म्हणजे सगळं मिळालं असं नाही, इथंच खरी गोम आहे. दुधात कॅल्शियम आहे, प्रोटीन आहे, बी-१२ आहे, पण लोह जवळजवळ नाहीच. लिटरभर दुधात जेमतेम एखादा मिलिग्रॅम भरतो आणि या वयात दिवसाला लागतं साधारण ८ मिलिग्रॅम. वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. म्हणून नुसत्या दुधावर वाढलेली पोरं दिसायला गुबगुबीत असतात आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. चिडचिड, माती-खडू खाणं, पांढुरकी नखं, शौचाला खडा, यातलं काही दिसतंय का बघा. दिसो न दिसो, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे. आणि दूध दिवसाला ४०० मिली, फार तर अर्धा लिटर, त्याच्यावर नाही. बाटली बंद, पेल्यानं द्यायचं, आणि जेवणाच्या आधी तर नाहीच, जेवण झाल्यावर किंवा दोन जेवणांच्या मध्ये. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेईल, घेऊ दे. सासूबाई म्हणतील लेकरू उपाशी ठेवलं, त्यांना हा कागद दाखवा. पाचव्या दिवशी भाकरीचा तुकडा वरणात कुस्करून पुढं ठेवा आणि बघा.

बाटलीत वरनं साखर आणि ती चॉकलेटी पावडर जात असेल तर (जात असणार, मला माहिती आहे) ती पण हळूहळू कमी करा. पातळ करायला पाणी घालू नका पण, बऱ्याच घरात पचायला हलकं म्हणून निम्मं पाणी घालतात, त्यानं पोट तेवढंच भरतं आणि पोषण निम्मं होतं.

आता सासूबाई. मी २२ वर्षं दूध संकलन केंद्रावर आणि नंतर डेअरीच्या लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळं म्हशीवाल्यांची बाजू मला कळते. आमच्या वेळी फॅट मोजायला आजच्यासारखं मशीन नव्हतं, गर्बर पद्धत होती, बुटायरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग हलवायचं, हाताला चटका बसेल इतकं गरम व्हायचं ते, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर पिवळी फॅटची कांडी यायची ती वाचायची. माझ्या एका शर्टाला भोक नाही असं झालं नाही. तिथं गाईचं दूध साडेतीन-चार टक्के फॅटला यायचं आणि म्हशीचं सहा, सात, थंडीत एखाद्या म्हशीचं आठला पण टेकायचं. पंढरपुरी म्हैस आपल्याच जिल्ह्याची, ती तलवारीसारखी लांब शिंगांची, तिचं दूध तापवल्यावर जी साय धरते ती बघितली की पिशवीचं दूध पाण्यासारखं वाटणारच, त्यात सासूबाईंचा दोष नाही. दही लावायला, बासुंदी आटवायला, खव्याला म्हशीच्या दुधाला तोड नाही, हे मी लेखी देतो.

पण "पिशवीचं म्हणजे पावडरचं पाणी" हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं आहे म्हणूनच खोडायला अवघड जातं. कसंय, टोण्ड दूध हा प्रकार आपल्याकडेच जन्माला आला, १९४६ मध्ये मुंबईत, दारा खुरोडी म्हणून मिल्क कमिशनर होते त्यांनी काढला. शहराला दूध पुरत नव्हतं, म्हशीचं दूध महाग, मग म्हशीच्या दुधात पाणी आणि बिनचरबीची दूध पावडर घालून फॅट खाली आणायचं आणि बाकीचं सत्त्व जागेवर ठेवायचं, म्हणजे एका लिटरचं दूध जास्त लोकांना पुरतं आणि स्वस्त पडतं. याच खुरोडींना १९६३ मध्ये कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांबरोबर मॅगसेसे मिळालं. तर पावडर असू शकते, पण ती दुधाचीच असते, आणि बऱ्याच वेळा तर नुसती मलई काढूनच फॅट जुळवलेलं असतं.

आणि साय येत नाही म्हणजे खोटं दूध, हे तर अजिबातच नाही. होमोजिनाइज्ड असं लिहिलेलं असेल तर त्या दुधातले चरबीचे गोळे दाबानं इतके बारीक फोडलेले असतात की ते वर तरंगत नाहीत, दुधातच राहतात. साय दिसत नाही, फॅट तेवढंच आहे. हे सासऱ्यांच्या बाबतीत लक्षात ठेवा, पुढं सांगतो.

पिशवीवर बारीक अक्षरात दोन आकडे असतात, फॅट आणि एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे काही घन आहे ते, प्रोटीन, साखर, क्षार. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के फॅट आणि ९ एसएनएफ, स्टँडर्डाइज्ड साडेचार आणि साडेआठ, टोण्ड ३ आणि साडेआठ, डबल टोण्ड दीड आणि ९, आणि स्किम्ड म्हणजे फॅट अर्ध्या टक्क्याच्या आत. आपल्याकडं गाईच्या पिशवीवर बहुतेक साडेतीन-साडेआठ लिहिलेलं असतं. एवढं पाठ केलं की दुकानदाराला विचारायची गरज नाही. रंगावर मात्र जाऊ नका, "निळी पिशवी द्या" असं म्हणून आपण घेतो पण एका कंपनीची निळी टोण्ड असते आणि दुसरीची गाईची, रंग प्रत्येकाचा आपला आपला.

आता हे आकडे घेऊन सासऱ्यांकडे या. रात्रीचा ग्लास आणि दिवसातले चार चहा मिळून ते अर्धा लिटर दूध पोटात घालतात असं धरू. म्हशीचं ७ टक्क्याचं असेल तर अर्ध्या लिटरात ३५ ग्रॅम फॅट. टोण्ड घेतलं तर १५. डबल टोण्ड घेतलं तर साडेसात. दुधाच्या चरबीतली साधारण दोन तृतीयांश सॅच्युरेटेड असते, डॉक्टर ज्याला कमी करा म्हणाले ती हीच. प्रोटीन आणि कॅल्शियम मात्र डबल टोण्डमध्ये फारसं कमी होत नाही, एसएनएफ बघा की, ९ आहे, टोण्डपेक्षा जास्तच. म्हणजे त्यांचं नुकसान काय होतंय तर फक्त तोंडाची चव, आणि तीन आठवड्यांत तीही बसते.

सासूबाई म्हणतील मी साय काढूनच देते. साय काढल्यानं फॅट कमी होतं हे खरं, तापवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून जाड थर काढला तर बरंच कमी होतं, पण किती झालं ते घरात मोजता येत नाही आणि होमोजिनाइज्ड दुधात तर साय वर येतच नाही तर काढणार काय. शिवाय ती काढलेली साय जाते कुठं, डब्यात, डब्यातनं विरजणात, विरजणातनं लोण्यात, लोण्यातनं तुपात, आणि तूप पुन्हा सासऱ्यांच्याच गरम भाकरीवर. मी माझ्या घरात हे बघितलंय म्हणून सांगतो, दुधातनं काढलेली चरबी फिरून ताटात येते, मध्ये चार दिवस लागतात एवढंच.

म्हणून त्यांच्यासाठी डबल टोण्डची अर्ध्या लिटरची पिशवी वेगळी. हळद बिळद घालू दे, त्याला कोण नको म्हणत नाही. शुगर असेल तर साखर नको एवढं बघा.

दिराचं ए-टू. यावर मी खूप बोलू शकतो पण आवरतो. दुधात बीटा केसिन नावाचं एक प्रोटीन असतं, २०९ अमिनो ॲसिडची लांब साखळी, तिच्यात ६७ व्या जागी एकात प्रोलिन बसतं तर दुसऱ्यात हिस्टिडिन, पहिलं ए-टू आणि दुसरं ए-वन, झाला फरक एवढाच. आपल्या देशी गाईंचं दूध बहुतेक ए-टू असतं. होल्स्टिन-जर्सीच्या संकरित गाईंचं मिश्र असू शकतं. ए-वन पचताना जो तुकडा निघतो त्यानं काही जणांचं पोट जड होतं का यावर अभ्यास चालू आहेत, पण "विष आहे" असं म्हणण्यासारखं काहीही सिद्ध झालेलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ए-वन, ए-टू असले दावे पाकिटावरनं काढा म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत ते मागे पण घेतलं, म्हणजे सरकारी पातळीवर पण हा विषय किती सरळ आहे ते बघा.

पण गंमत अशी आहे ताई, म्हशीचं दूध ए-टूच असतं. हो. सगळ्या म्हशींचं. म्हणजे तुमचे दीर १२० रुपये देऊन जे आणायलेत ते तुमच्या सासूबाई वर्षानुवर्षं रतिबानं घ्यायलेत. हे वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू नका, घरात सासूबाईंचा आवाज अजून चढेल, पण दिराला बाजूला घेऊन सांगा.

दुसरं, दिरांचं दूध "खिलारी गाईचं" म्हणून येत असेल तर थोडा विचार करायला सांगा. खिलार आपल्या सांगोला-मंगळवेढ्याकडची, देखणी गाय आहे, पण ती जात बैलासाठी, ओढकामासाठी राखलेली, शर्यतीचं खोंड खिलारीचं असतं. दूध देते ते वासराला पुरून वर थोडंसं. अख्ख्या सोलापूरला लिटरच्या बाटल्या पुरवाव्यात एवढं खिलारीचं दूध येतंय कुठनं हा प्रश्न मला तरी पडतो. गीर, साहिवाल म्हणाले तर एकवेळ मानू. आणि जिमसाठी म्हणाल तर पाव लिटर कुठल्याही दुधात ८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, ए-टू असो नाहीतर टोण्ड, स्नायूला साखळीतली ६७ वी जागा कळत नाही. पैसे त्यांचे आहेत, आणू दे, फक्त बाकीच्यांच्या कपात बोट घालू नको म्हणावं.

तुमचं पोट फुगतं ते बहुतेक लॅक्टोजमुळं. ती दुधातली साखर, साडेचार-पाच टक्के असते, गाय-म्हैस-शेळी-ए-टू सगळ्यांत. ती फोडायला आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, आईचं दूध सुटलं की बऱ्याच माणसांत ते कमी कमी होत जातं, मग न फुटलेली साखर पुढं मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस. हा आजार नाही, जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच आहे. दोन आठवडे नुसतं दूध पिणं पूर्ण बंद करा, पोट शांत झालं तर कारण कळलं. मग दही, ताक सुरू करा, विरजणातल्या जंतूंनी थोडी साखर आधीच खाल्लेली असते म्हणून ते बहुतेकांना चालतं. चहातलं दूध पण बहुधा चालेल, थोडंच असतं. लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्यात लॅक्टेज आधीच टाकून साखर फोडलेली असते, म्हणून ते चवीला जरा गोड लागतं, साखर घातली असं समजू नका. मात्र दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं काही होत असेल तर ती ॲलर्जी, ती वेगळी गोष्ट, तिथं प्रयोग नाही, सरळ डॉक्टर.

कॅल्शियमची काळजी करू नका, दही-ताकातनं येतं. नाचणी खा, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तीळ खा. आपली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी मला पण जीव की प्राण आहे पण कॅल्शियमसाठी तिच्यावर भरवसा नाही, सोबत वाटीभर दही असू द्या. बदाम दूध, सोया दूध वगैरे आता मॉलमध्ये दिसतंय, त्यात सोयाचं प्रोटीन दुधाच्या जवळपास जातं, बदामाच्या डब्यात मात्र बहुतेक पाणीच, पाठीमागचं लेबल वाचा आणि ठेवून द्या.

मिस्टरांचा टेट्रा पॅक. माणूस कटकटीला कंटाळलेला दिसतोय. त्या दुधाला यूएचटी म्हणतात, साध्या पिशवीचं दूध ७२ अंशाला १५ सेकंद तापवून गार करतात, हे १३५ अंशाच्या वर दोन-चार सेकंद तापवतात आणि निर्जंतुक डब्यात बंद करतात, म्हणून महिने-महिने फ्रिजबाहेर टिकतं. त्यात टिकवायचं औषध घालतात ही अफवा आहे, टिकतं ते उष्णतेनं आणि पॅकिंगनं. फोडलं की मात्र साध्या दुधासारखंच, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. चव थोडी आटवलेल्या दुधासारखी लागते. रोजला महाग पडतं, पण घरात दोन डबे ठेवा, रात्री पाहुणे आले, तुळजापूरला निघालो, गवळी आला नाही, अशा वेळी कामाला येतात.

आता रतीब ठेवायचा तर दोन गोष्टी सांभाळा, आणि हे आपल्या सोलापूरच्या हवेत जास्तच. रतिबाचं दूध निरसं असतं, कुठंही पाश्चराइज केलेलं (म्हणजे वर सांगितलं तसं ७२ अंशाला तापवून गार केलेलं) नसतं, ते पूर्ण उकळी आल्याशिवाय कोणाच्याही तोंडाला लागता कामा नये. धारोष्ण दूध पिणं चांगलं वगैरे सांगणारे भेटतील, त्यांना ब्रुसेलोसिसचा एक तरी पेशंट दाखवायला पाहिजे, महिनोन्‌महिने येणारा ताप आणि सांधेदुखी. दुसरं म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३ ला जातो, मंद्रूपहून पहाटे काढलेलं दूध मोटारसायकलच्या कॅनमधनं तुमच्या दारात येईपर्यंत दोन-तीन तास झालेले असतात आणि तेवढ्यात जंतू किती पट होतात ते मी लॅबमध्ये बघितलंय. म्हणून आल्या आल्या तापवायचं, कोमट झालं की लगेच फ्रिजमध्ये, ओट्यावर दुपारपर्यंत ठेवायचं नाही. नासू नये म्हणून काही जण उन्हाळ्यात खायचा सोडा घालतात, असं दूध तापवल्यावर साबणासारखं तुरट-खारट लागतं, जिभेला कळतं. स्टार्च घातलाय का बघायला थोडं दूध उकळून गार करून टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाका, निळं झालं तर गवळी बदला. तिरक्या स्वच्छ ताटावर थेंब सोडला की शुद्ध दूध मागे पांढरी रेघ सोडत हळू जातं, पाण्याचं दूध पळतं. दुधाचा दाटपणा मोजायचा लॅक्टोमीटर घरी आणू नका, आमच्याकडं त्याला डिग्री म्हणायचे, पाणी घातलं की डिग्री पडते आणि चिमूटभर साखर टाकली की पुन्हा वर येते, शाळकरी पोरगं पण त्याला फसवतं.

पिशवीचं दूध फ्रिजमधनं फ्रिजमध्ये आलं असेल तर नुसतं तापवलं तरी चालतं. पण पहाटे ट्रे फुटपाथवर किती वेळ होता कोणाला माहिती, एक उकळी आणा. एकच. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा असं तेच पातेलं आटवत बसलं की बी गटातली जीवनसत्त्वं जातात आणि गॅस जातो.

नणंदेच्या बाळाचं. शेळीचं दूध गांधीजी प्यायचे हे खरं, आपल्या शेजारची उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध हे पण खरं, पण सात महिन्यांच्या बाळाला नाही. शेळीच्या दुधात फोलेट नावाचं जीवनसत्त्व फार कमी असतं, त्यानं वेगळ्या प्रकारचा रक्तक्षय होतो. वर्षाच्या आत बाळाला गाय, म्हैस, शेळी कुठलंच दूध प्यायला नाही, आईचं दूध आणि सोबत वरणभाताची पेज, नाचणीसत्त्व असं वरचं खाणं. आईचं दूध पुरत नसेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील तो फॉर्म्युला, म्हणजे बाळांसाठीचं पावडरचं दूध. शेजारीण सांगेल तो नाही. सासूबाई पण नाही, त्यांची माफी मागून.

तर "सगळ्यांना चालेल असं एकच दूध" तुमच्या घरात नाही बसणार ताई, सहा माणसांना एकाच मापाची चप्पल आणता का आपण. माझा हिशोब सांगतो. रतीब बंद करू नका, पण अर्ध्या लिटरवर आणा, त्यातनं सासूबाईंचा चहा आणि सगळ्यांचं दही. अर्ध्या लिटरची डबल टोण्ड सासऱ्यांची. एक पिशवी गाईची, त्यातनं मुलाचे दोन पेले आणि उरलेला चहा. पातेल्यांचा घोळ होईल म्हणून सासऱ्यांच्या पातेल्यावर वेगळं झाकण ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशीच सगळं एकात ओतलं जाईल. सणावाराला, कोजागिरीला, पुरणपोळीच्या दिवशी म्हशीचं जास्त आणा आणि त्या दिवशी कोणी आकडे काढू नका.

राहिला गुळाचा चहा. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, गरम दुधात ते गेले आणि वर उकळी बसली की दुधातलं केसिन गोळा होतं, म्हणजे फाटतं. दूध आधीच थोडं जुनं असेल, सकाळचं ओट्यावर राहिलेलं, तर त्यात आंबटपणा चढायला लागलेलाच असतो, मग गूळ निमित्तमात्र. पाणी, चहा पावडर, आलं, गूळ हे सगळं आधी नीट उकळून घ्यायचं, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, आणि दुसऱ्या पातेल्यात वेगळं तापवलेलं दूध वरनं ओतायचं. ओतल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, तुमच्याकडं चहा बहुतेक इथंच फाटत असणार. उन्हाळ्यात तरी दुपारच्या चहाला फ्रिजमधलंच दूध घ्या.